रद्द म्हणजे दोन

वाळपईच्या सोसायटीत, काजूच्या ऐन हंगामात
मी मॅक्रो लिहिला.
वजन, ओलीची कपात, सभासद क्रमांक,
बटण दाबलं की पावती.
सगुण माजीकने पहिली पावती नाकाला लावली,
म्हणाला, बोंडूचा वास नाही हिला, खोटी असणार.

शेवटी एक चौकट ठेवली होती, अदबीने विचारणारी:
खातं बंद करायचं का?
खाली तीन बटणं. होय, नाही, रद्द.

यंत्राला शब्द ऐकू येत नाहीत.
होय म्हणजे सहा. नाही म्हणजे सात.
रद्द म्हणजे दोन,
आणि कोपऱ्यातली फुली दाबली तरी दोनच.
मधले तीन-चार-पाच कुणाचे, ते मी तेव्हा बघितलं नव्हतं.

मी लिहिलं होतं एवढंच:
उत्तर सात असेल तर थांब,
नाहीतर पूस.
एका ओळीत भागलं
म्हणून जरा खूशही होतो.

चरावण्याहून येसू गांवस आली,
डोक्यावर अर्धं पोतं, हाताला बोंडूचा चीक.
खातं पुनोच्या नावावर,
आणि पुनो चवथीच्या आधीच गेलेला.
सगुणने विचारलं, मग बंद करूं हें?
ती पदराची गाठ सोडत होती.
राव रे मात्शें, म्हणाली.

थांब जरा.
असं बटण मी ठेवलं नव्हतं.
सगुण भला माणूस,
त्याने होय दाबलं नाही, नाही दाबलं नाही,
हळूच कोपऱ्यातली फुली दाबली,
दार ओढून घ्यावं तशी.

दोन म्हणजे सात नव्हे.
एकोणीस हंगामांच्या बिया
पंखा एक फेरा घेईपर्यंत गेल्या.
सगुणने मागे घ्यायची कळ दाबून पाहिली, चारपाचदा.
मॅक्रोने केलेलं तिला मागे घेता येत नाही.
प्रिंटरमधून कागद आला: खाते बंद केले आहे.
येसूने तो घडी करून पोलक्यात ठेवला.
तिला वाटलं, पैशांची पावती.

रात्री मी एकटा बसलो, काट्याजवळच्या टेबलावर.
शुक्रवारच्या पेनड्राइव्हमधून पुनोला परत आणला,
मग ती ओळ उलटी केली:
सहा असेल तर, आणि सहा असेल तरच.
घाईत एंटर मारणाऱ्यांसाठी
नाहीवर आधीच बोट टेकवून ठेवलं.

वजन विचारणाऱ्या चौकटीशी मात्र अर्धी रात्र गेली.
कुणी काही न लिहिता ठीक म्हटलं
किंवा काही न बोलता उठून गेलं,
हातात येतं ते सारखंच, रिकामं.
खोल गेल्यावर कळलं,
पहिल्या रिकामेपणाला मेमरीत पत्ता असतो,
दुसऱ्याला पत्ता शून्य.

आमच्या वाड्यावर एकदा सभा झाली होती, खाणीच्या रस्त्याची.
हरकत आहे कुणाची, विचारलं.
बाबा छत्रीचा दांडा धरून उभे होते.
इतिवृत्तात आलं: एकमताने.
मी तेव्हा सातवीत.
हे इथे का लिहितोय, माहीत नाही.
रात्री तीनला कोड तपासताना माणूस भलतंच काहीतरी तपासतो.

पुढच्या मंगळवारी येसू पुन्हा आली, पाऊण पोतं.
मी सगुणच्या मागे उभा.
चौकट उघडली, त्याने विचारलं.
ती म्हणाली, चलयेक विचारून सांगतां, फुडल्या वर्सा.
सगुणने माझ्याकडे बघितलं, आणि फुली दाबली.

काहीच झालं नाही.
ओळ जिथल्या तिथे,
पुनो गांवस, चरावणे, एकोणीस हंगाम.
मी खाली-वर सरकवून दोनदा खात्री केली.

तिने पोतं काट्यावर ठेवलं.
आयज भाव कितें, विचारलं.